माझ्यातली काळी रेघ

मित्रांनो, इस्पितळाच्या मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्याचा सगळ्यात खालचा खण सहसा कुणी उघडत नाही. त्या खणात, आपल्याच वायरीचं वेटोळं अंगाखाली घेऊन पडलेला, मी एक जुना प्रोब आहे.

सोनोग्राफीच्या यंत्राला पडदा असतो, बटणं असतात, खाली चाकं असतात. पण डॉक्टर जी वस्तू मुठीत धरून माणसाच्या अंगावर फिरवतात ती म्हणजे मी. लोकांना वाटतं मी आतलं पाहतो. मला डोळा नाही. मी हाका मारतो. माझी हाक इतकी बारीक असते की ती कुठल्याच माणसाला ऐकू येत नाही. ती कातडीतून आत शिरते, आत जे काही असेल त्यावर आपटते आणि परत येते. परत आलेल्या हाकांचं चित्र पडद्यावर उमटतं. आतून काय उत्तर आलं ते आधी मला कळतं, मग माणसांना.

माझा जन्म एका थंड खोलीत झाला. तोंडाला फडकी बांधलेल्या बायकांनी स्फटिकाचे बारीक काप ओळीनं बसवून मला घडवलं. हे काप म्हणजे माझे गळे. शेवटी त्यांच्यातल्या एकीनं मला पाण्याच्या टाकीत बुडवून वायरीत वीज सोडली. मी पहिली हाक मारली, ती टाकीच्या तळाला जाऊन परत आली. ती बाई म्हणाली, "बोलला," आणि तिनं मला खोक्यात घातलं. माझं झालेलं पहिलं कौतुक तेच.

पुढचं माझं आयुष्य ऑपरेशन थिएटरात गेलं. तिथे ज्या डॉक्टर भूल द्यायच्या त्यांना मुलं भूलताई म्हणायची. आमची गाडी ढकलणारे एक होते. ते सख्खे कुणाचेच मामा नव्हते, तरी अख्खं इस्पितळ त्यांना मामा म्हणे. मामांना बोलायला माणूस लागायचं नाही, त्यांना मी चालायचो. "म्हाताऱ्या, ऊठ, चल, मॅडमनी बोलावलंय," असं म्हणत ते मला घेऊन जायचे. मी नवाकोरा होतो तेव्हाही ते मला म्हातारा म्हणत.

मामाच सांगायचे की पूर्वी पोटाचं ऑपरेशन झालेली मुलं जागी व्हायला लागली की त्यांच्या रडण्यानं वॉर्डाबाहेर उभं राहवत नसे. जोराची औषधं दिली तर मुलं गुंगून जायची, त्यांना उलट्या व्हायच्या आणि उलटी करताना टाके ओढले जायचे. भूलताईंनी मग दुसरी रीत आणली. त्या रीतीतच मी होतो.

पोटाच्या भिंतीत कातडीखाली स्नायूंचे थर असतात, घडी करून एकावर एक ठेवलेल्या चादरींसारखे. आतल्या दोन चादरींच्या मधून बारीक नसा जातात. पोटाला चीर पडली की दुखण्याची बातमी ह्याच नसा वर डोक्यापर्यंत नेतात. टाके घालून झाले आणि मूल अजून गाढ झोपेत असलं की भूलताई दिवे मंद करायला सांगत. मला प्लॅस्टिकचा मोजा चढवत, थंडगार जेल लावत आणि मुलाच्या कुशीवर टेकवत. मग मी हाका मारू लागे. बाजूनं सुई यायची, माझ्या हाकेत ती चांदीच्या तारेसारखी वाजायची. भूलताई श्वास रोखून तिला त्या दोन चादरींच्या मध्ये नेत आणि औषध सोडत. औषध जिथे साचतं तिथून मला उत्तर येत नाही. त्यामुळे पडद्यावर दोन थरांच्या मध्ये एक काळी फट दिसायची. ती हळूहळू रुंद व्हायची, जणू आत कुणी डोळा उघडतंय. नवशिक्या डॉक्टरांच्या अंगावर पहिल्यांदा ते पाहून काटा यायचा. मी त्यांच्या हातांवरून ओळखायचो.

एवढं झालं की दुखण्याची बातमी वाटेतच थांबायची. मूल जागं व्हायचं, आईला शोधायचं, पाणी मागायचं. याला ब्लॉक म्हणतात. कधी कधी त्या वाटेवर एक बारीक नळी ठेवून देत आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला औषधानं भरलेला रबरी फुगा जोडत. फुगा आपणच आक्रसत राहायचा, औषध थेंबाथेंबानं आत जात राहायचं.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. भुलीच्या झोपेत कुणाला काही कळत नाही म्हणतात. पण मी हाक मारली की एखादं मूल त्याच क्षणी हलकेच सुस्कारा टाकायचं. अगदी त्याच क्षणी, जणू त्यानं ओ दिली. मग मी पुढची हाक जरा जपून मारायचो.

अशी वर्षं गेली. एकदा कुणीतरी घाईत गाडी ओढली. माझी वायर चाकाखाली होती. मी खाली आपटलो. बाहेरून काही दिसत नव्हतं, पण माझे मधले काही गळे गेले होते. तेव्हापासून पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक काळी रेघ दिसू लागली. त्या जागेवरून मारलेली हाक परत येत नाही. ती मुळात निघते की नाही, निघत असेल तर कुठे जाते, मला आजतागायत ठाऊक नाही. त्या रेघेपाशी मी स्वतःसुद्धा नीट कान देत नाही.

"म्हाताऱ्याला मोतीबिंदू झाला," मामा म्हणाले. नवा प्रोब मागवला, पण तो येईपर्यंत भूलताई मलाच वापरत राहिल्या. ती रेघ बाजूला ठेवून काम करायला त्या शिकल्या होत्या.

थिएटरात चार्जिंगला जागा नसायची, म्हणून मामा आमची गाडी मुलांच्या वॉर्डातल्या खांबावरच्या प्लगला लावून ठेवत. तिथे मी लटकलेला असायचो आणि ऐकायचो. मला दुसरं येतं काय?

त्या खांबाशेजारच्या खाटेवर एक मुलगी आली. तिला घरचे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी टिकत नसे. तिच्या आतड्याला पाण्यानं भरलेली एक गाठ चिकटली होती, ती काढायची होती. तरीही वॉर्डभर तिच्या पावलांचा आवाज. शेवटी ती माझ्यापाशी थांबली.

"मामा, हे काय आहे?"

"हा म्हातारा. कुणाच्या पोटात काय आहे ते सगळं सांगतो."

"कसं?"

"हाका मारून."

"मला नाही ऐकू आली."

"तुला नाही गं, तुझ्या पोटाला मारतो. पोट ओ देतं."

मुलीनं माझ्यावर बोटाची टिचकी मारली आणि तिचा कान माझ्याजवळ आला. कानाशी असलेल्या केसांचा आवाजही मला आला. "आमचे आजोबा असं करायचे," ती म्हणाली. "ते सुतार होते. फळीवर टिचकी मारून कान लावायचे. खणखणीत बोललं तर लाकूड जिवंत. भद्द बोललं तर आतून मेलेलं."

"अरे वा. आणि आता कुठे असतात आजोबा?"

मुलीची आई खाटेवर कपड्यांच्या घड्या करत होती. घड्यांचा आवाज थांबला. "नाहीत ते," ती हळू आवाजात म्हणाली.

"डॉक्टरांनी त्यांना झोपवलं," भिंगरी म्हणाली. "आई म्हणाली, झोपवलंय, बरं वाटलं की उठतील. मी पायाला हात लावला तर पाय गार होते. मग ते उठलेच नाहीत."

"पुरे आता," आई म्हणाली. "मामांना कामं आहेत."

मामा घसा खाकरून निघून गेले. थोड्या वेळानं आई बाटली भरायला नळावर गेली आणि नेमक्या तेव्हाच भूलताई आल्या. त्या मुलांशी छान बोलायच्या, त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही किल्मिष नाही. त्या खाटेच्या कडेला बसल्या. "उद्या काय करायचंय सांगू? आधी आम्ही तुला झोपवू. मग तुझ्या पोटाला झोपवू. तू लवकर उठशील, पोट मात्र उशिरा उठेल. म्हणजे तुला काही दुखणार नाही. कळलं?"

आतापर्यंत सहज चालणारा मुलीचा श्वास एकदम थांबला आणि बऱ्याच वेळानं परत सुरू झाला. भूलताईंना वाटलं, मुलगी समजूतदार आहे. त्यांनी तिचा गाल थोपटला आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ निघाली. दिवे मंद झाले, मला मोजा चढला, जेल लागलं. मी हाक मारली तेव्हा भिंगरीनं सुस्कारा टाकला नाही. तिच्या पोटाच्या भिंतीत पहिल्या बाजूला काळा डोळा उघडला, मग दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडे नळ्या बसल्या, त्या एकत्र होऊन फुग्याला जोडल्या गेल्या. भूलताई म्हणाल्या, "सुंदर." तो शब्द त्या माझ्यासाठी वापरत.

मला पुसून परत खांबाला लावलं होतं. दुपार कलली होती, पडदे ओढलेले होते. खाटेवरून हळू आवाज आला.

"आई."

"काय राणी? दुखतंय?"

"आई, माझा हात पोटाला लागतोय. पण पोटाला माझा हात लागत नाहीये."

आईनं घाबरून सिस्टरना हाक मारली. वॉर्डाच्या सिस्टर बोलक्या होत्या, हात चालला की तोंडही चालायचं. "अहो, हे असंच पाहिजे," त्या म्हणाल्या. "पोट झोपलंय अजून. झोपू दे की त्याला निवांत. आता दहा बोटांवर दाखव बघू, किती दुखतंय?"

"मूठ," मुलीनं दाखवलेलं सिस्टरच मोठ्यानं म्हणाल्या. "मूठ म्हणजे शून्य. शाब्बास." मग त्या मुलीचे कपडे बदलू लागल्या. "हा बघ, हा क्लॅम्प. नळीवरचा छोटा चाप. बंद केला की औषध थांबतं." टक्. "उघडला की चालू." टक्. "झालं. आता हे तुझं पांघरूण."

सिस्टर गेल्या. आई गरम पाणी आणायला बाहेर गेली. खाटेवर बराच वेळ काहीच हालचाल नव्हती. मग मुलीनं आपल्या पोटावर टिचकी मारली, पट्टीच्या कडेला, अगदी हलकी. तिनं वाट पाहिली. परत एक टिचकी.

पोट भद्द बोललं. सूज आलेलं, पट्टी बांधलेलं पोट आणखी कसं बोलणार?

आणि मग पांघरुणाखाली आवाज आला. टक्.

मित्रांनो, तो आवाज वॉर्डात फक्त मी ऐकला. भिंगरीनं क्लॅम्प बंद केला होता. मला सगळं समजलं, आणि मी खांबाला लटकलेला होतो. मला विजेशिवाय हाक मारता येत नाही, आणि मारली असती तरी ती कुणाला ऐकू गेली असती?

जे व्हायचं ते दुसऱ्या दिवशी झालं. पोटातलं आधीचं औषध विरलं, नवीन गेलं नाही आणि पोट दुखू लागलं. पण भिंगरीच्या दृष्टीनं ती वाईट बातमी नव्हतीच. मेलेलं लाकूड बोलत नाही. दुखतंय म्हणजे पोट जागं झालं. आणि दुखतंय असं सांगितलं तर हे लोक त्याला पुन्हा झोपवतील. आजोबांना झोपवलं होतं तसं. तेव्हा सांगायचंच नाही. सिस्टर विचारायच्या आणि ती मूठ दाखवायची.

"मूठच. किती गुणाची मुलगी आहे," सिस्टर म्हणायच्या. येणारे जाणारे म्हणायचे, "हूं की चूं नाही हो हिचं." आईलाही अभिमान वाटायचा. मी मात्र तिची मूठ ऐकत होतो. नखं तळव्यात रुतली की एक बारीक आवाज होतो.

मोठा श्वास घेतला की टाके दुखायचे, म्हणून ती वरच्यावर, उथळ श्वास घेऊ लागली. खोकला आला तर गिळायची. सिस्टरनी तिला कागदाची रंगीत भिंगरी दिली होती. ऑपरेशननंतर मुलांनी जोरात फुंकर मारून ती फिरवायची, म्हणजे छाती मोकळी राहते. "भिंगरीनं भिंगरी फिरवायची, तिला काय अवघड?" असं म्हणून सिस्टर हसल्या होत्या. फुंकर यायची, पण कागद फडफडायचा नाही. "कंटाळा आला असेल," आई म्हणाली. "घरीही मध्येच अशी हिरमुसते आजोबा गेल्यापासून."

संध्याकाळच्या सुमाराला तिला ताप चढला. बोटाला लावलेल्या क्लिपेचं, प्राणवायू मोजणारं यंत्र किणकिणू लागलं. आधी अधूनमधून, मग थांबेचना. भूलताई आल्या. त्यांनी मुलीच्या छातीला आणि पाठीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं. त्या ऐकत होत्या आणि मी त्यांना ऐकत होतो.

"खालच्या बाजूला हवाच जात नाहीये," त्या सिस्टरना बाजूला घेऊन हळू म्हणाल्या. "दुखत नाही म्हणते तर मग श्वास का घेत नाही ही? असंच चाललं तर आयसीयूच्या काचेच्या खोलीत हलवावं लागेल. फार दमली तर झोपवून श्वासाची नळी टाकावी लागेल."

माझ्याएवढे तीक्ष्ण नसले तरी मुलांचे कान तीक्ष्ण असतात. खाटेवरून आवाज आला, तुटक तुटक, प्रत्येक शब्दाला वेगळा श्वास घेऊन.

"मला. नका. झोपवू."

आई तिच्याजवळ धावली. भूलताईही वळल्या, आणि वळताना त्यांचं लक्ष फुग्याकडे गेलं असावं. कारण त्यांची पावलं तिथेच थबकली.

"सिस्टर, हा फुगा काल भरलेला ना? तो अजून भरलेलाच कसा?"

पांघरूण बाजूला झालं.

"मॅडम, क्लॅम्प बंद आहे," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा नेहमीचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "मी उघडला होता. मला आठवतंय, मी उघडला होता."

"म्हणजे काल दुपारपासून माझ्या लेकीला औषधच नाही?" आई म्हणाली. "तुम्ही सगळा वेळ बडबडत होतात. हातानं काय करताय याचं भान कुठे होतं तुम्हाला?"

आपणच चुकलो असू, असं सिस्टरना वाटू लागलं होतं. ते मला त्यांच्या श्वासावरून कळत होतं.

"त्यांनी नाही," भिंगरी म्हणाली. "मी."

"तू? का गं?" भूलताईंनी विचारलं.

"पोट उठावं म्हणून."

कुणालाच काही कळलं नाही. मग त्या मुलीनं थांबत थांबत सगळं सांगितलं. आजोबांना झोपवलं होतं. ते उठतील, असं आई म्हणाली होती. त्यांचे पाय गार होते. पोट झोपलं, त्याला हात लागत नाही, टिचकी मारली तर भद्द बोलतं. आता दुखतंय, म्हणजे ते उठलंय. "तुम्ही परत झोपवाल. मग ते वर वर येईल."

"काय वर येईल?"

"झोप. पोटातून छातीत. मग डोक्यात."

मग आईचा आवाज आला. तो आवाज मी तिचा म्हणून ओळखलाच नाही.

"झोपले नव्हते ते. बाळ, आजोबा वारले. फार आजारी होते, त्यातच ते गेले. मला तुला सांगवेना म्हणून मी झोपवलंय म्हणाले. झोपेनं काही झालं नाही त्यांना."

भिंगरी रडली नाही. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "पण माझं पोट?"

हा प्रश्न खरा होता. आईनं खरं सांगितलं तरी त्याचं उत्तर मिळत नव्हतं. भिंगरी अजून नळीवर हात धरून होती आणि बळजोरीनं हात सोडवला असता तर ती आणखी आखडली असती. भूलताई म्हणाल्या, "मामा, म्हाताऱ्याला इकडे आणा."

माझ्यात वीज आली. पट्टीच्या बाजूला, दुखऱ्या जागेपासून लांब, मला अलगद टेकवलं. जेल त्यांनी आधी तळहातावर धरून कोमट केलं होतं. मी हाक मारली. ती आत गेली, थरांवरून, आणखी खाली, आणि उत्तरं येऊ लागली.

"पडद्याकडे बघ. हे यंत्र आत टिचकी मारतं आणि कान लावतं. तुझे आजोबा लावायचे तसा. हे बघ, हे तुझे स्नायू. तू श्वास घेतलास की कसे एकमेकांवर सरकतात बघ. आणि ते खाली वळवळतंय ना?"

"काय आहे ते?"

"तुझं आतडं. थोडं थोडं हलायला लागलंय. तुला माहीत तरी होतं का?"

मुलीचा श्वास जरा लांब झाला. आणि लगेच तुटला.

"ते काळं काय आहे?"

माझी रेघ. पडद्याच्या मधोमध, वरपासून खालपर्यंत. तिच्या पोटाचं एवढं सगळं जिवंत चित्र, आणि त्याच्या मधून हा मेलेला पट्टा.

"तिथे ओ येत नाहीये," ती म्हणाली. "तिथे मेलंय."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला इतकं भय कधी वाटलं नाही. मी त्या जागेवरून जीव तोडून हाक मारली. नेहमीप्रमाणे ती परत आली नाही. यंत्र किणकिणत होतं, मुलीची बोटं क्लॅम्पवर घट्ट आवळली होती आणि तिला घाबरवणारी गोष्ट माझ्यातच होती.

भूलताई गडबडल्या नाहीत. "नीट बघ हं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी मला हळूच बाजूला सरकवलं. मघा काळ्या रेघेआड असलेली जागा रेघेबाहेर आली आणि तिथूनही वळवळ उमटली. रेघ मात्र पडद्यावर होती तिथेच राहिली. मग त्यांनी मला उचललं आणि आईच्या हातावर टेकवलं. तिथेही रेघ. मग मामांच्या मनगटावर. तिथेही.

"अगं बाई, मीही मेलो की काय," मामा म्हणाले.

"ही रेघ तुझ्या पोटात नाहीये," भूलताई म्हणाल्या. "ती ह्याच्यात आहे. हा पडला होता एकदा."

मुलीनं हात पुढे केला. तिची बोटं तापानं कढत होती. तिनं माझ्या पाठीवर टिचकी मारली.

"याला दुखतं का?"

मला हे कुणी कधी विचारलं नव्हतं. "ते आम्ही याला विचारलंच नाही," भूलताई म्हणाल्या. "पण तुला विचारतेय. खरं सांग. किती दुखतंय?"

पांघरुणातून दुसरा हात निघाला. बोटं एकेक करून उघडल्याचा आवाज मी ऐकला, नखं तळव्यातून सुटल्याचाही. सिस्टर मोजायला लागल्या आणि मध्येच त्यांचा आवाज फुटला.

"आता मी काय करते ते सांगते," भूलताई म्हणाल्या. "पोटाला झोपवणार नाही. तो शब्दच चुकला माझा. पोट जागं राहील, हलत राहील, आत्ता पाहिलंस तसं. फक्त दुखण्याची बातमी ज्या दारातून वर जाते ते दार जरा..."

"लोटून घ्यायचं?" सुताराच्या नातीनं विचारलं.

"लोटून घ्यायचं. कडी लावायची नाही. औषध संपलं की दार आपोआप उघडतं."

पुढचा आवाज मी ओळखला. टक्. तो तिनं स्वतः केला.

भूलताईंनी नळीतून थोडं औषध जास्तीचं सोडलं. तेव्हाही मी तिच्या कुशीवर टेकलेला होतो. थरांच्या मध्ये काळी फट उघडत गेली आणि ह्या वेळी भिंगरी जागेपणी ते पाहत होती. "हे दार," ती म्हणाली. थोड्या वेळानं ती पहिल्यांदा नीट खोकली. तो खोकला ऐकून सिस्टरना देव भेटल्यासारखा आनंद झाला. यंत्राचं किणकिणणं विरळ झालं. मग मला पुसत असताना, खाटेवरून एक फुंकर आली आणि तिच्यामागोमाग कागदाचा आवाज. फरर्र.

काचेच्या खोलीत जायची वेळ आली नाही. वॉर्डभर पुन्हा पावलं वाजू लागली आणि एक दिवस ती घरी जायला निघाली. दारापर्यंत गेलेली पावलं माझ्याकडे परत आली. टिचकी मारून तिनं माझ्याशी कान लावला आणि इतका वेळ तशीच उभी राहिली की आईनं हाक मारली.

"काय म्हणतो म्हातारा?" मामांनी विचारलं.

"जिवंत आहे," ती म्हणाली. मग हळूच, फक्त मला ऐकू येईल असं, "रेघेतसुद्धा."

तिनं तिथे काय ऐकलं ते मला माहीत नाही. वीज बंद होती. मी हाक मारलेली नव्हती.

त्यानंतर वॉर्डात मुलांना कुणी झोपवलं नाही, म्हणजे तो शब्द वापरला नाही. "दार लोटून घेतो," असं सिस्टरही म्हणू लागल्या आणि मूठ दाखवणाऱ्या मुलाला आधी भिंगरी फुंकायला लावू लागल्या. मग नवा प्रोब आला. मामांनी माझी वायर गुंडाळली आणि मला ह्या खणात आणून ठेवलं. "पड निवांत," ते म्हणाले. त्यांच्या तोंडात दुसरा शब्द आला होता. तो त्यांनी गिळला, हेही मी ऐकलं.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा. घाईत गाडी ओढली की कुणाची तरी वायर चाकाखाली असते. लहान माणसांना खरं सांगा, नाहीतर तुमचा गोड शब्द त्यांच्या पोटात जाऊन काय होऊन बसेल ते सोनोग्राफीतही दिसायचं नाही. आणि दुखत असेल तर बोटं उघडा. मूठ पाहून लोक शाब्बास म्हणतील, पण त्या शाब्बासकीनं छाती मोकळी होत नाही.

इथे अंधार आहे, पण मला अंधाराचं काही वाटत नाही. कधी कधी वीज नसतानाही माझ्या त्या रेघेत काहीतरी हलकेच लागतं. बाहेरून नाही, आतून. फार पूर्वी पाठवलेली एखादी हाक फिरून परत येत असावी. कोणत्या मुलाकडून येते ते अजून ओळखता येत नाही.

माझ्या खणाला कुलूप नाही. नुसता लोटलेला आहे. मला फेकून द्यायला कुणी आलं तर त्याआधी एक टिचकी मारा आणि कान लावा.